अदीन वार्धक्य

(सोलापुरात ज्येष्ठ नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सोलापुरातल्या कोणत्याही पेठेत, सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतणाऱ्या सत्तरीच्या गृहस्थाला "काय, बरं आहे ना?" असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते. "चाललंय. अजून आपलं आपण करतोय." या उत्तरात रक्तदाबाचा आकडा नसतो, साखर किती वाढली ते नसते, डॉक्टर काय म्हणाले तेही नसते. 'आपलं आपण' या दोन शब्दांत तो आपल्या प्रकृतीचा सगळा वृत्तान्त सांगून मोकळा होतो. घरातल्या आजीला विचारले तर ती म्हणते, "हिंडत्या-फिरत्यापणी डोळे मिटावेत, कुणाकडून करून घ्यायची वेळ येऊ नये." मरणाचे भय या पिढीला फारसे नाही. भय आहे ते अंथरुणाचे.

हे भय आपल्या पूर्वजांनी फार पूर्वी ओळखले होते. शुक्ल यजुर्वेदाच्या छत्तिसाव्या अध्यायात शंभर वर्षांच्या आयुष्याची जी प्रार्थना आहे, तिच्यात नुसती वर्षे मागितलेली नाहीत. शंभर वर्षे दिसावे, ऐकू यावे, बोलता यावे, अशी एकेक मागणी पुढे येते आणि त्याच मालिकेत एक शब्द येतो, 'अदीन'. वर्षे हवीत, पण दीनवाणी नकोत. प्रार्थना करणाऱ्या ऋषीला आयुष्याच्या लांबीइतकीच त्याच्या प्रतीचीही काळजी होती, हे उघड आहे. दीर्घायुष्याचा आशीर्वाद आपण सढळपणे देतो. या दुसऱ्या अर्ध्या मागणीची आठवण मात्र आपल्याला, घरात कोणी अंथरुणाला खिळेपर्यंत, सहसा होत नाही.

पाश्चात्त्य वैद्यकाला हीच गोष्ट मोजमापाच्या वाटेने सापडली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्ध रुग्णांचे निरीक्षण करून १९६३ साली सहा साध्या क्रियांची कसोटी मांडली : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणावरून वा खुर्चीवरून उठणे, मलमूत्रावर ताबा असणे आणि आपल्या हाताने जेवणे. कॅट्झ यांच्या ध्यानात आलेली विलक्षण गोष्ट अशी, की मूल ज्या क्रमाने या गोष्टी शिकते, साधारण त्याच्या उलट क्रमाने त्या वार्धक्यात सुटत जातात. आंघोळीला मदत लागते ती सर्वांत आधी; हाताने घास घेण्याची शक्ती जाते ती सर्वांत शेवटी. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, असे आपल्याकडे म्हणतात. ते इतके शब्दशः खरे असेल असे म्हणणाऱ्यांनाही वाटले नसेल. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी केली. तिच्यात टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणे, प्रवास, औषधे आणि पैशांचा व्यवहार यांचा समावेश होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या अहवालात निरोगी वार्धक्याची कल्पनाच या दिशेने वळवली. रोग नसणे ही कसोटी सोडून, आपल्याला मोलाचे वाटते ते करता येण्याची क्षमता टिकणे ही कसोटी तिने मानली.

या बदलाचे महत्त्व आपल्याच देशाच्या आकड्यांवरून कळते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले नागरिक १० कोटींहून अधिक होते आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७-१८ मध्ये करवून घेतलेल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ७५ टक्के लोकांना एखादा तरी दीर्घकालीन आजार आढळला. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु शंभरांत पंचाहत्तरांना आजार आहे याचा अर्थ पंचाहत्तर परावलंबी आहेत असा मुळीच नव्हे. मधुमेह जडलेली बाई पुढची तीस वर्षे घर चालवताना आपण पाहतो. उलट, ज्याच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या उत्तम आहेत असा माणूस एकदा मोरीत घसरला, खुबा मोडला, की महिन्याभरात दुसऱ्याच्या हाताकडे पाहू लागतो. आपली कुटुंबे साखरेचे आकडे वहीत लिहून ठेवतात. आजोबांना खुर्चीवरून उठायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, ही नोंद कोणत्याच वहीत नसते.

आता या सोलापूरकडे पाहू. प्रत्येक गावाचे म्हातारपण त्या गावाच्या धंद्याने घडवलेले असते. हे शहर शंभर वर्षे गिरणीच्या भोंग्यावर उठले आणि भोंग्यावर झोपले. जुनी गिरणी, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल ही नावे आजच्या सत्तरी-ऐंशीतल्या माणसांच्या तोंडी अजून घरातल्या नावांसारखी आहेत. गिरण्या एकामागून एक थांबल्या. पण पूर्वभागात यंत्रमागाची खडखड चालूच राहिली. चादर आणि टर्किश टॉवेल यांनी सोलापूरचे नाव जगभर नेले. ज्यांच्या कानांनी तीस-चाळीस वर्षे तो खडखडाट पचवला, त्यांच्यापैकी अनेकांना आज नातवाचे बोलणे ऐकू येत नाही. घरातली माणसे म्हणतात, "तात्यांचं हल्ली लक्ष नसतं." लक्ष असते; ऐकू येत नाही. ऐकू आले नाही की माणूस बोलणे टाळतो, फोन उचलत नाही, भजनाला जाणे सोडतो, आणि घरातल्या घरात एकटा पडतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यांत श्रवणदोष अग्रभागी आहे. म्हणजे श्रवणयंत्र हे केवळ ऐकण्याचे नव्हे, माणूस माणसांत राहण्याचे साधन आहे. चष्मा लावायला आपल्याकडे कोणी लाजत नाही. श्रवणयंत्राची लाज का वाटावी, याला उत्तर नाही.

गिरणीत पुरुष, तर घरोघरी विड्या वळणाऱ्या स्त्रिया. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, पाठ वाकलेली, नजर बोटांवर, आणि संध्याकाळपर्यंत हजार विड्यांचा हिशेब. अशी चाळीस वर्षे काढलेल्या बाईची पाठ आणि मान साठीतच ऐंशीची झालेली असते. तिला निवृत्ती नाही, आणि निवृत्तिवेतन असलेच तर ते किती? कर्मचारी पेन्शन योजनेतील किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा एक हजार रुपये ठरवण्यात आली. एक हजारात औषधे येतात की भाजी, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय कष्टकरी हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्रावर ठसा उमटत नाही, आणि हयात असलेल्या बाईला आपण हयात आहोत हे सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. २०२१ पासून हयातीचा दाखला चेहऱ्याच्या ओळखीवरून मोबाइलवर काढण्याची सोय झाली आहे. आपल्या वस्तीतल्या एखाद्या तरुणाने नोव्हेंबर महिन्यात एक रविवार यासाठी काढला, तर दहा-वीस म्हाताऱ्यांची रांग वाचेल.

स्वावलंबनाचा मुख्य आधार पाय आहेत, आणि पायांविषयी आपला समज बहुतांशी चुकीचा आहे. "आता वय झालं, आराम करा," हे वाक्य प्रेमाचे आहे, पण वैद्यकाच्या दृष्टीने घातक आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले. तेवढ्यात त्यांच्या पायांचे स्नायू जवळजवळ एक किलोने घटले. तापाच्या साध्या आजारानंतर आजी 'बसल्या त्या बसल्याच' असे आपण म्हणतो, त्याचे इंगित यात आहे. ताप चार दिवसांत जातो. अंथरूण मात्र स्नायू नेते.

दुसरी बाजू अधिक उत्साहाची आहे. १९९० साली बोस्टन येथे नव्वदीतल्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे, देखरेखीखाली, पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षी! स्नायू वयाचा दाखला मागत नाही, काम मागतो, हे त्या प्रयोगाने जगाला दाखवले.

ब्राझीलच्या डॉ. क्लाउडिओ अराउजो यांच्या चमूने २०१२ मध्ये तर आपल्या घरचीच परीक्षा शास्त्रात आणली. ५१ ते ८० वर्षे वयाच्या सुमारे दोन हजार लोकांना त्यांनी जमिनीवर बसून, शक्यतो हाताचा वा गुडघ्याचा टेकू न घेता, उठायला सांगितले. ज्यांना ते जमले नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. आपल्याकडे पंगतीत मांडी घालून बसणे, देवापुढे बसणे, पाटावरून उठणे हा दिवसातून चार वेळा होणारा व्यायाम होता. डायनिंग टेबल आले, सोफा आला, कमोड आला आणि साठीच्या आधीच जमीन आपल्याला परकी झाली. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी अट्टहासाने जमिनीवर बसावे असा याचा अर्थ नाही. पण ज्यांना अजून जमते, त्यांनी केवळ प्रतिष्ठेसाठी ते सोडू नये. चाळिशी-पन्नाशीतल्या मंडळींनी तर मुळीच नाही.

सूर्यनमस्काराचा विषय येथे टाळता येणार नाही. औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्काराचा प्रसार केला, संस्थानातील शाळांत तो नेला आणि त्यावर पुस्तक लिहिले. त्याच औंधात दीर्घकाळ राहिलेले वेदमूर्ती पंडित सातवळेकर १८६७ साली जन्मले आणि १९६८ साली, शंभरी ओलांडून, गेले. एका शतायुषी माणसावरून सिद्धान्त मांडता येत नाही, आणि नमस्कार घालूनही लवकर गेलेली माणसे कमी नाहीत. हा दाखला आहे, पुरावा नव्हे. परंतु नमस्कारातल्या हालचाली नीट पाहिल्या, तर वाकणे, हातांवर भार पेलणे, पाय मागे नेणे, पुन्हा उभे राहणे, हे सगळे तेच आहे जे म्हातारपणी पडल्यावर उठायला लागते. सत्तरीनंतर बारा नमस्कारांचा हट्ट नको. भिंतीला हात टेकून, वा खुर्चीच्या आधाराने त्यातली चार आसने केली तरी पुरे. ज्यांना तेही जमत नाही त्यांनी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे-बसावे, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. हृदयविकार वा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

घरच्या घरी एक परीक्षाही घेता येते. खुर्चीवरून उठायचे, नेहमीच्या चालीने तीन मीटर, म्हणजे दहा फूट चालायचे, वळून परत यायचे आणि बसायचे. घड्याळ लावावे. बारा सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. या परीक्षेला ना सुई लागते, ना रिकामे पोट.

पडण्याचा विषय निघाला की सोलापूरच्या घरांकडे वळावेच लागते. येथे अनेक वर्षे नळाला पाणी तीन-तीन, चार-चार दिवसांआड येत आले आहे. बाहेरगावच्या माणसाला याचा वार्धक्याशी काय संबंध, असे वाटेल. संबंध थेट आहे. पाण्याचा दिवस म्हणजे अवेळी उठणे, मोटर लावणे, पाइप ओढणे, पिंपे आणि घागरी भरणे. जी बाई एरवी जपून पावले टाकते, ती पाणी जाईल या धास्तीने ओल्या शहाबादी फरशीवरून भराभरा चालते, आणि भरलेली घागर कमरेवर घेते. ही फरशी उन्हाळ्यात पायाला थंड, पण ओली आणि साबणाची झाली की निसरडी. अशा घरात वृद्ध जोडपे राहत असेल, तर पाण्याच्या दिवशी शेजारच्या मुलाने येऊन पिंप भरून देणे ही सर्वांत मोठी रुग्णसेवा आहे. कारण ती रुग्ण होण्याच्या आधीच होते. मोठ्या घागरीऐवजी लहान कळशी, पिंपाला खाली तोटी, मोरीत खरबरीत पट्ट्या, एवढ्याने निम्मे काम होते.

न्हाणीघरात आणि शौचालयात भिंतीला पक्की दांडी हवी. टॉवेल अडकवायची नव्हे, माणसाचा भार पेलणारी, भिंतीत खोल बसवलेली. रात्री अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिवा हवा. मोरीच्या दाराला आतून लावायची कडी असेल तर ती बाहेरूनही उघडता येईल अशी हवी, नाहीतर आत पडलेल्या माणसापर्यंत पोहोचायला दार तोडावे लागते. झोपेतून उठताच ताडकन उभे न राहता मिनिटभर काठावर पाय सोडून बसावे, कारण रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभे राहताच चक्कर येते. झोपेच्या गोळ्या पडण्याचे एक मोठे कारण आहेत, ही गोष्ट त्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या पुष्कळांना कोणी सांगितलेली नसते. आणखी एक गोष्ट, जी बोलायला संकोच वाटतो. रात्री लघवीला उठावे लागू नये म्हणून पुष्कळ म्हाताऱ्या स्त्रिया संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, वयानुसार तहान कमी लागते, लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असते, आणि त्यात पाणी तोडले की माणूस बरळू लागतो, भोवळ येऊन पडतो. तहान लागण्याची वाट न पाहता दिवसा घोट घोट पाणी घेत राहणे, हाच त्यावर उपाय. ज्यांना डॉक्टरांनी हृदयासाठी वा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून सांगितले आहे, त्यांनी तेवढेच घ्यावे.

जेवणाविषयी थोडेच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा या मातीचा आहार उत्तम आहे. पण त्याला दात लागतात. दात गेले की माणूस हळूहळू चहा-बिस्किटांवर आणि मऊ भातावर येतो, डाळ-उसळ सुटते, आणि पायांचे स्नायू आणखी झिजतात. वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम प्रथिने वृद्धांना हवीत, मूत्रपिंडाचा विकार नसेल तर. कवळी बसवणे हा हौसेचा भाग नव्हे. तोवर भाकरी आमटीत वा ताकात कुस्करावी, चटणी दह्यात कालवावी, पण ताटातून डाळ काढू नये. शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडते, आणि पायांना मुंग्या, तोल जाणे, विस्मरण ही त्याची लक्षणे 'वय झालं' या खात्यात जमा होतात. त्याची साधी रक्ततपासणी असते.

आता अधिक अवघड विषय. आपल्या घरांत सेवेचा संस्कार आहे, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु सेवेचे एक रूप असेही आहे की जे माणसाला लवकर म्हातारे करते. सासूबाई भाजी निवडायला बसल्या की सून म्हणते, "राहू द्या, मी करते." आजोबा दळण आणायला निघाले की मुलगा गाडीची किल्ली उचलतो. देवपूजेची फुले, दूध, वीजबिल, नातवाला शाळेच्या रिक्षापर्यंत पोहोचवणे अशी एकेक कामे प्रेमाने काढून घेतली जातात, आणि वर्षभराने तेच कुटुंब म्हणते, "हल्ली ते काहीच करत नाहीत." आजोबांना अर्धा तास लागतो ते काम आपण पाच मिनिटांत करतो, हे खरे. पण तो अर्धा तास हीच त्यांची दिनचर्या होती. ज्येष्ठांचा सत्कार करण्याची आपल्या संस्थांना मोठी हौस. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, आणि व्यासपीठाच्या चार पायऱ्यांना कठडा नाही! सत्कारमूर्तींना दोघांनी धरून वर चढवावे लागते. शालींनी कपाट भरलेल्या एखाद्या ज्येष्ठाला विचारावे, त्याला काय हवे होते.

पुरुषांनी ऐकावी अशीही एक गोष्ट आहे. लॉटन-ब्रॉडींच्या यादीत स्वयंपाक आहे, औषधे आहेत, बँक आहे. या यादीवर आपल्याकडचा ठणठणीत सेवानिवृत्त अधिकारी पुष्कळदा नापास होतो. त्याला गॅस पेटवता येतो, पण कुकरच्या किती शिट्ट्या ते ठाऊक नसते. साखरेचा डबा कुठे ते पत्नीला विचारावे लागते. आणि त्याची पत्नी, जिने पन्नास वर्षे संसार चालवला, ती बँकेत पैसे काढण्याच्या चिठ्ठीवर कधी सही केलेली नसते. ठेवी कोणत्या, वारस म्हणून नाव कोणाचे, विम्याचे कागद कुठे, काही ठाऊक नसते. दोघे असतात तोवर हे संगनमत छान चालते. दोघांपैकी एक गेले की दुसरे एका दिवसात परावलंबी होते, आणि त्यात शरीराचा काहीच दोष नसतो. साठाव्या वर्षी पती-पत्नींनी कामांची अदलाबदल करावी. त्याने आठवड्यातून दोन दिवस वरण-भात लावावा, तिने बँकेत जावे. पहिले काही दिवस वरण करपेल.

देशव्यापी पाहणीप्रमाणे साठीपुढच्यांपैकी साधारण सहा टक्के एकटे राहतात, आणि वीस टक्के फक्त जोडीदारासोबत. सोलापुरात हे चित्र डोळ्यांनी दिसते. हे शहर मुले शिकवते आणि पुण्याला पाठवते. पुण्याला नाही तर हैदराबादला, बंगळूरला. २००१ साली सुरू झालेली हुतात्मा एक्सप्रेस आणि २०२३ पासूनची वंदे भारत यांनी अंतर कमी केले, पण रोजचा दिवस कमी झाला नाही. मुले म्हणतात, "आई, इकडे ये." आईला पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेत दिवसभर दार लावून बसवत नाही. सोलापुरात तिला गल्ली आहे, मारवाड्याचे दुकान ठाऊक आहे, सिद्धेश्वराची वाट ठाऊक आहे, तेलुगू शेजारीण आहे. तिच्या स्वावलंबनातला निम्मा वाटा तिच्या पायांचा आहे, निम्मा त्या ओळखीच्या वाटेचा. वाट बदलली की तीच बाई अचानक गोंधळलेली, 'विसराळू' वाटू लागते. म्हणून आई-वडिलांना हलवण्याचा निर्णय मुलांच्या अपराधी भावनेवरून घेऊ नये. ती खरोखर काय काय करू शकते ते पाहून, आणि तिला विचारून घ्यावा. एकत्र कुटुंबाचे गुणगान करून हा प्रश्न सुटत नाही. मुलगा पुण्यात आहे हे वास्तव आहे, आणि तो दुष्ट नाही. हल्ली काही मुले आई-वडिलांच्या दिवाणखान्यात कॅमेरा बसवतात आणि परगावहून पाहतात. पाहणे वाईट नाही. मात्र कॅमेऱ्यात पडलेली आई दिसली तर दहा मिनिटांत पोहोचणार कोण, हा प्रश्न उरतोच. ज्याच्याकडे घराची दुसरी किल्ली आहे असा एक शेजारी कॅमेऱ्यापेक्षा उपयोगाचा.

समाज म्हणून काय करता येते, याची उदाहरणे याच शहरात आहेत. लोकमंगल फाउंडेशनने अन्नपूर्णा योजनेतून निराधार वृद्धांना घरपोच जेवणाचे डबे पोहोचवले. डबा देणारा रोज दार वाजवतो, म्हणजे रोज कोणीतरी त्या माणसाला पाहतो. अन्नाइतकेच हेही महत्त्वाचे असते.

शासनाच्या योजना अनेक आहेत, आणि त्या वाचून दाखवणारा मुलगा घरात नसतो ही अडचण आहे. सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी तीन हजार रुपये ठेवले. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदतक्रमांक २०२१ पासून आहे. तो मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ चिकटवावा.

आणि जेथे घरच उलटते, तेथे कायदा आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा अधिनियम २००७ साली झाला. प्रांताधिकाऱ्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे करून दिले आणि त्याने सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मधील निकालात या तरतुदीचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरी बक्षीसपत्रावर सही करण्याआधी सांभाळण्याची अट कागदात लिहून घेणे शहाणपणाचे. सही करतेवेळी असे लिहायला सांगणे अवघड वाटते, मुलगा काय म्हणेल असे वाटते. कागद झाल्यावर ते अधिक अवघड होते.

शेवटी एक लहानसे काम. अनेक गावांत सेवाभावी मंडळी रुग्णोपयोगी साहित्याचे केंद्र चालवतात. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, पाठ उचलता येणारा पलंग, हवेची गादी या वस्तू अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात. प्रत्येक वस्तीला असे एक केंद्र हवे, आणि त्याला मोठी जागा लागत नाही. एखाद्याच्या जिन्याखालची खोली पुरते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी वॉकर घरात असला तर माणूस उभा राहतो. तो आठ दिवसांनी मिळाला तर पलंग सुटत नाही. देताना वॉकरची उंची माणसाच्या मनगटाच्या रेषेला जुळवून द्यावी, नाहीतर तो वाकून चालतो. परत आला की धुऊन उन्हात ठेवावा आणि खालची रबरी बुचे तपासावीत. बूच झिजले की तो ओल्या फरशीवर सरकतो. नवी बुचे शस्त्रक्रिया-साहित्याच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतात. केंद्राने ती डझनभर आणूनच ठेवावीत.